लहान मुलं आणि पाणी: घरातल्या बादलीपासून शेततळ्यापर्यंत काय काय करायचं

माझी मुलगी 13 महिन्यांची असताना बादलीत पडली. विहीर नाही, नदी नाही, साधी 20 लिटरची निळी बादली, कपडे भिजवायला अर्धी भरून मी न्हाणीच्या दारात ठेवलेली. गॅसवर दूध होतं, ते उतू जाईल म्हणून आत गेले, गॅस बारीक केला आणि परत आले, बस एवढाच वेळ. तिचे दोन्ही पाय वर आणि आवाज अजिबात नाही. उचलली, उलटी झाली, खोकली, मग रडली आणि मग माझ्या जीवात जीव आला. पाण्यावर लाल मग तरंगत होता, तोच घ्यायला ती वाकली असणार. तो मग हलतसुद्धा नव्हता हे मला अजून डोळ्यासमोर दिसतं.

नंतर घरात सगळ्यांनी एकच विचारलं, अगं पण ती ओरडली कशी नाही? तर ओरडायला हवा लागते, आणि तोंड पाण्यात असताना हवा मिळतच नाही. बुडणारं लहान मूल हात वर करून वाचवा वाचवा करत नाही, ते गप्प जातं आणि अर्ध्या-एक मिनिटात त्याची धडपडसुद्धा थांबते. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं, वाकलं की तोल पुढे जातो, आणि हातात एवढा जोर नसतो की स्वतःला मागे ढकलता येईल. रिकामी बादली निदान कलंडते तरी, भरलेली जागची हलत नाही. पाणी किती लागतं म्हणाल तर नाक-तोंड बुडेल एवढं, म्हणजे दोन इंच पुरे. मेंदूला हवा मिळाली नाही तर 4 ते 6 मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. आपण फोनवर बोलतो तो कॉल सुद्धा याहून मोठा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, त्यातली जवळपास पाव 5 वर्षांच्या आतली मुलं होती. म्हणून रांगायला लागल्यापासून साधारण पाचव्या वर्षापर्यंतचा काळ मी सगळ्यात धोक्याचा धरते आणि पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिते आहे.

आधी माणूस ठरवा

"लक्ष ठेवा हं" हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा बोलतो आणि त्याचा उपयोग होत नाही, कारण ते कुणाला म्हटलं हेच ठरलेलं नसतं. लग्नघरात, जत्रेत, सुट्टीत सगळे जमले की घरात वीस माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं मूल दुसऱ्याकडे आहे. आमच्याकडे आता पद्धत अशी आहे की मूल सोपवताना तोंडाने बोलायचं. "वहिनी, आता तुमच्याकडे." आणि समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. सुरुवातीला सासरे हसायचे, आता तेच आधी विचारतात, कुणाकडे आहे गं?

पाण्याजवळ असाल तर ज्याच्याकडे मूल आहे त्याने हात लांबवला की मूल धरता येईल एवढ्या अंतरावर राहायचं, मोबाइल खिशात, गप्पा नाहीत, आणि 15-20 मिनिटांनी पाळी बदलायची कारण त्यापुढे कुणाचंही लक्ष टिकत नाही. प्यायलेल्या माणसाकडे मूल द्यायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो. आणि सात-आठ वर्षांच्या ताई-दादावर तर ही जबाबदारी टाकूच नका, काही झालं तर ते लेकरू जन्मभर मनात घेऊन बसतं.

पण हे सगळं करूनही लक्ष चुकतं. माझं चुकलं, दूध उतू जात होतं म्हणून चुकलं, उद्या तुमचं दारावरच्या बेलमुळे चुकेल. म्हणून आपलं लक्ष चुकणारच असं धरून मूल आणि पाणी यांच्यामध्ये काहीतरी घट्ट वस्तू हवी. झाकण, कडी, जाळी, कुंपण, जे जमेल ते.

घरातलं पाणी

सगळीकडे सल्ला मिळतो की भरलेल्या बादल्या ठेवू नका, पाणी ओतून टाका. माझं माहेर मराठवाड्यातलं. तिथे उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या बाईला पाणी ओतून टाक म्हणून कसं सांगणार? त्यापेक्षा पाण्याचे दोन भाग करा. वापरायचं पाणी, म्हणजे आंघोळीची, कपड्यांची, फरशी पुसायची बादली: काम झालं की लगेच रिकामी करून पालथी घालायची. उरलेलं चांगलं पाणी झाडांना नाहीतर साठवणीच्या टाकीत. साठवणीचं पाणी मात्र बंद झाकणाखाली. प्लास्टिकचं पिंप घेताना पट्टीने आवळणारं किंवा फिरवून बसणारं झाकण असलेलं घ्या.

हौदावर नुसता पत्रा किंवा फळी टाकून ठेवू नका. मूल त्यावर चढतं, पत्रा सरकतो आणि मूल आत, वर पत्रा परत बसतो आणि कुणाला कळतही नाही. वेल्डिंगवाल्याकडून मापाची लोखंडी जाळी करून घ्या, एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला कडी. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला कुलूप लावा, आणि ती फुटकी फरशी झाकण म्हणून वर्षानुवर्षं तशीच असेल तर या आठवड्यातच बदला. हौदाच्या, पिंपाच्या शेजारी स्टूल, पाट, विटा, पालथी घमेली असलं काही ठेवायचं नाही, पोरं त्याचीच पायरी करतात.

न्हाणीच्या आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला, मोठ्यांचाच हात पोचेल अशी कडी लावा. मी बसवली तेव्हा सुताराला अर्धा तास लागला. मुलगी पडायच्या आधी ती कडी वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून होती.

बाळाला टबात आंघोळ घालत असाल आणि फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली, कुणी दार वाजवलं, तर बाळाला ओल्या अंगाने टॉवेलात गुंडाळून सोबत न्यायचं. "एक मिनिट बस हं" असं सहा-आठ महिन्यांच्या बाळाला सांगून काही उपयोग नाही. टबात बसवायच्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्या मिळतात, त्या कलंडतात, त्यांच्या भरवशावर सोडू नका. ज्या मुलांना फिट येतात त्यांना तर वय कितीही असो, आंघोळीला एकटं सोडायचं नाही. आणि बादलीत हीटरचा रॉड टाकून पाणी तापवायची सवय असेल तर मूल घरात असेपर्यंत ती बंदच करा, त्यात भाजण्याचा आणि शॉकचाही धोका आहे.

दाराबाहेर

एक दिवस 15 मिनिटं काढा आणि मुलाला पुढे सोडून तुम्ही मागे चाला. ते जाईल तिथे जाऊ द्या, फक्त हाताच्या अंतरावर राहा. मी हे केलं तेव्हा कळलं की आमची पोरगी गोठ्याच्या मागून जनावरांच्या हौदापर्यंत दोन मिनिटांत पोचते, आणि तो हौद तिच्या बरोब्बर पोटाच्या उंचीचा आहे. शेजारच्या बांधकामावर पाणी मारायला केलेला टाका, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, पावसाळ्यात भरलेला शोषखड्डा, हे सगळं असंच चालत चालत सापडतं. शेजाऱ्यांशी बोला, वाईटपणा येईल म्हणून गप्प बसू नका. मी बोलले, त्यांनी दुसऱ्या दिवशी टाक्यावर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या.

वेळ पण बघा. बांगलादेशात खेड्यांमध्ये अभ्यास झाला तेव्हा दिसलं की लहान मुलं जास्त करून सकाळी 9 ते दुपारी 1 च्या दरम्यान बुडतात, म्हणजे आई स्वयंपाकात आणि बाकीचे शेतात असतात तेव्हा. म्हणून त्यांनी तेवढ्या वेळापुरती गावातच मुलं सांभाळायची केंद्रं काढली, त्यांना आंचल म्हणतात, आणि त्याने बुडण्याचं प्रमाण खूप कमी झालं. आपल्याकडे अंगणवाडी आहेच की. मूल तीन वर्षांचं झालं की नुसत्या खाऊपुरतं पाठवू नका, पूर्ण वेळ बसवा. आणि कांदा लागवड, सोंगणी अशा दिवसांत आमच्याकडे बायका असं करतात की सहा जणी कामाला गेल्या तर एकीने बांधावर न बसता वस्तीवर थांबून सगळ्यांची मुलं बघायची आणि तिची त्या दिवसाची मजुरी बाकीच्यांनी मिळून भरायची. वाट्याला थोडे पैसे जातात पण हात मोकळे आणि डोकं शांत.

शेततळं

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. 2016 पासून मागेल त्याला शेततळं योजनेतून गावोगाव तळी झाली, 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल हे माप सगळ्यांना माहीत आहे. पाण्यासाठी ती हवीतच, आमची डाळिंब त्यावरच जगली. पण विहीर आणि शेततळं यात फरक आहे. विहिरीत कपारी असतात, पायऱ्या असतात, धरायला मुळ्या असतात. शेततळ्यात प्लास्टिकचा कागद असतो आणि तो ओला झाला, शेवाळ धरलं की साबणासारखा निसटतो. उतार असल्यामुळे काठ जवळ दिसतो, हात टेकतो, आणि परत घसरतो. चांगलं पोहता येणारा गडी सुद्धा त्यातून बाहेर येऊ शकत नाही. म्हणूनच एक मूल पडलं की त्याला काढायला गेलेली आई किंवा भाऊ पण जातात.

करायचं काय तर पहिलं कुंपण. चारी बाजूंनी पाच फुटांची तरी जाळी, आणि खालून कुत्रं किंवा पोरगं शिरणार नाही अशी जमिनीत दाबलेली. काटेरी तारेचे तीन पदर म्हणजे कुंपण नाही, मूल मधून वाकून जातं. दाराला कुलूप, किल्ली घरी खुंटीला. मोटर चालू करायला रोज जावं लागतं म्हणून दार उघडंच ठेवतात, तर स्टार्टरची पेटीच कुंपणाच्या बाहेर घ्या, निम्म्या फेऱ्या वाचतात.

दुसरं, दोर. जाड नायलॉनचा दोर, दर एक-दीड फुटावर गाठ मारलेला, वरच्या बांधावर लोखंडी खुंट ठोकून त्याला बांधायचा आणि तळापर्यंत सोडायचा. चारही बाजूंना एक एक. गाठीशिवाय दोर ओल्या हातातून सटकतो. आमच्या दिराने दोराच्या ऐवजी जुने टायर साखळीसारखे एकाखाली एक बांधून सोडलेत, ते अजून बरं, पाय ठेवायला जागा होते, फक्त कागद घासून फाटणार नाही असं बघा. उन्हाने नायलॉन कुजतो, दरवर्षी पावसाळ्याआधी सगळ्या दोरांना लोंबकळून बघायचं.

तिसरं, तरंगणारी वस्तू. हवा भरलेली ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेले दोन रिकामे कॅन, त्याला लांब दोर, हे कुंपणाला आतून अडकवलेलं. फवारणीसाठी कुणी उचलून नेलं तर त्याच दिवशी परत जागेवर आलं पाहिजे, याबाबतीत आमचे सासरे कुणाचंच ऐकत नाहीत आणि बरोबर करतात.

विहिरीला कठडा नसेल तर बांधून घ्या, तोपर्यंत निदान जाळी टाका. पाटाचं वेगळंच आहे. आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडायची पाळी, नसतं तेव्हा पाट कोरडा असतो आणि पोरं त्यात क्रिकेट खेळतात, मग एक दिवस पाणी सुटतं. पाणी सुटण्याची खबर मोठ्यांना असते, पोरांना नसते. तेव्हा पाट कोरडा असला तरी तिथे खेळायचं नाही हाच नियम. नदीतही जिथे वाळूउपसा झालाय तिथे गुडघाभर पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी जातं, वरून काही दिसत नाही.

सहल, समुद्र, धबधबा

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. आपण उभे आहोत तिथे पाऊस नसला तरी वर डोंगरात पडतो आणि ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज वाढला की फोटो-बिटो सोडा आणि आधी काठावर या. लहान मुलं सोबत असतील तर पावसाळ्यात प्रवाहात उतरायचंच नाही, लांबून बघायचं, कणीस खायचं आणि घरी यायचं.

समुद्रावर मुलाला त्याच्या गुडघ्याएवढ्या पाण्यापर्यंतच, आणि हात धरून. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढते आणि मूल बसकण मारतं, पुढची लाट डोक्यावरून येते. गोव्यात जीवरक्षकांचे झेंडे असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागात जायचं, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर असं कुणी नसतं, तिथे गावातल्या माणसाला आधी विचारा. भरतीचा जुना हिशोब तो सांगेल: तिथीला पाऊणने गुणायचं, चतुर्थीला साधारण 3 वाजता भरती. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा लहान मुलांना घेऊन वाळूवरच थांबा. विसर्जनाला मूल खांद्यावर घेऊन पाण्यात उतरतात ना, ते बंद करा. बाप्पाला निरोप काठावरूनही देता येतो.

पोहायला शिकवणं

शिकवाच. साधारण चार वर्षांनंतर मुलं सूचना ऐकून नीट शिकतात. आपल्याकडे पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत शिकवायची पद्धत आहे, कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या, फक्त डबा पोकळ आहे ना, चिरलेला नाही ना आणि गाठ पोटावर घट्ट आहे ना हे दर वेळी बघायचं आणि बापाने किंवा काकाने स्वतः पाण्यात असायचं. हात मारण्याआधी दोन गोष्टी शिकवा: पाठीवर तरंगणं, आणि पडल्यावर वळून काठ धरणं. पण पोहता येतं म्हणून लक्ष काढून घेऊ नका.

दंडाला घालायचे फुगे आणि कमरेची रिंग ही खेळणी आहेत, सटकतात, हवा जाते. बोटीत बसताना मुलाच्या वजनाचं, पट्टे आवळलेलं लाइफ जॅकेटच. सोसायटीच्या पूलला निळा-पांढरा पोहण्याचा ड्रेस घालू नका, पाण्याखाली तो दिसतच नाही, भडक केशरी किंवा पोपटी घ्या. खेळून झालं की बॉल, रिंगा सगळं पाण्यातून काढा, मूल त्यासाठीच परत जातं. आमच्या एका नातेवाइकांच्या सोसायटीत पूलचं गेट विटेने उघडं अडकवून ठेवायचे, येण्याजाण्याला सोपं म्हणून. मी ती वीट उचलून कचऱ्यात टाकली आणि मीटिंगमध्ये विषय काढायला लावला.

मूल दिसत नसेल, किंवा पाण्यात पडलं तर

मूल दिसेना झालं की आधी पाणी बघा. पलंगाखाली, शेजारी, गच्चीवर नंतर. हौद, पिंप, तळं, पूल पहिले, कारण पलंगाखाली लपलेलं मूल तासाभरानेही ठीक असतं.

पाण्यात दिसलं तर आरडाओरडा करून माणसं गोळा करा, आणि हात पोचत नसेल तर काठी, बांबू, दोर, साडी, ओढणी पुढे टाका, तरंगणारं काही फेका. पोहता येत नसेल तर उडी मारू नका. आई म्हणून हे वाचायलाही जड जातं, मला माहीत आहे, पण शेततळ्यात तर कंबरेला दोर बांधून दुसऱ्याने वर धरल्याशिवाय कुणीच उतरू नये.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, डोक्यावर गरगर फिरवणं, पालथ्या घड्यावर झोपवून पोट दाबणं, हे काही करू नका. पोटातलं पाणी काढण्यात वेळ जातो, उलटी श्वासनलिकेत जाते, आणि मुलाला तेव्हा हवा पाहिजे असते. हाक मारा, तळव्यावर टिचकी मारा. शुद्ध नाही आणि श्वास नीट चालत नाही असं वाटलं तर कडक जागेवर पाठीवर झोपवा. दुसरं कुणी असेल तर त्याने 108 ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा.

डोकं किंचित मागे, हनुवटी वर, तोंडात दिसणारी घाण बोटाने काढा, दिसत नसेल तर चाचपडू नका. नाक चिमटीत धरून तोंडावर तोंड ठेवून 5 श्वास द्या, प्रत्येक वेळी छाती वर येताना दिसली पाहिजे. वर्षाच्या आतल्या बाळाला नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकायचं आणि गालात मावेल एवढीच हवा फुंकायची. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध खालच्या अर्ध्या भागावर दाब: मोठ्या मुलाला एका तळहाताच्या टाचेने, बाळाला छातीभोवती दोन्ही हात घालून दोन अंगठ्यांनी. छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने. 30 वेळा दाबा, 2 श्वास द्या, परत 30. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा मूल स्वतः श्वास घेईपर्यंत थांबायचं नाही. फासळी मोडेल म्हणून हात आखडू नका. हे वाचून येत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ओळखीच्या डॉक्टरांना विचारून एकदा बाहुलीवर हात बसवून घ्या, आजीला पण न्या, दिवसभर मूल तिच्याकडेच असतं.

श्वास सुरू झाला की ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, कुशीवर वळवा. आणि रडून मूल नॉर्मल वाटलं तरी, श्वास द्यावे लागले असतील, शुद्ध गेली असेल किंवा खोकला थांबत नसेल, तर दवाखान्यात न्यायचंच. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत दिसतो, म्हणून डॉक्टर 6-8 तास नजरेखाली ठेवतात. धाप, छातीत आवाज, ओठ निळसर, एकदम सुस्ती यातलं काही दिसलं तर सांगा. आम्हाला तिथे विचारलं किती वेळ पाण्यात होती, बाहेर काढल्यावर श्वास चालू होता का, उलटी कितीदा झाली, पाणी साधं होतं की साबणाचं. मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही, नुसती रडत होते. म्हणून गाडीत बसल्या बसल्या सोबतच्या कुणीतरी हे सगळं वेळेसकट मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड करून ठेवावं, आणि ते थेट डॉक्टरांना ऐकवावं.